विषय क्रमांक सहा

तीनशे दोनच्या दाराबाहेर आकड्यांची डबी टांगली आहे.
चार आकडे जुळले की किल्ली हातात पडते,
हात कुणाचा, हे डबी विचारत नाही.
म्हणून मी विचारते.
जिन्याखाली टेबल, टेबलावर रजिस्टर,
रकाने मीच आखलेत पट्टीने:
नाव, गाव, कोणाकडे, किती वेळ.

अलकनंदा अपार्टमेंट, कारेलीबाग, वडोदरा.
सोळा फ्लॅट आणि एक लिफ्ट, जी होती.
मी सेक्रेटरी, कारण निवडणुकीच्या दिवशी
बाकीचे पंधराजण चपला बघत बसले.

नवरात्रात येणारे पहाटे अडीचला परततात,
कवड्यांचे पट्टे जिनाभर वाजतात.
डिसेंबरात परदेशातले, बॅगा माणसांहून उंच.
किरीटभाई म्हणतात, चालशे.
किरीटभाईंना सगळंच चालतं, मेंटेनन्स सोडून.

फ्लॅट शिर्क्यांचा. वहिनी गेल्यावर
परागने टोरांटोत बसून फोनवरच तो रिकामा करवला.
देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आता वायफाय लुकलुकतं.
मी मीटिंगमध्ये विषय ठेवला,
दर रात्री दर बॅगेमागे शंभर रुपये.
आधी सगळे हसले, मग हात वर गेले.
त्यातूनच पाण्याचा नवा पंप आला,
हे मी इतिवृत्तात जरा बारीक अक्षरात लिहिलं.

बिल्डरही येऊन गेला. पाडू, म्हणाला, अकरा मजले देतो,
काचेची बाल्कनी, खाली जिम.
बारा सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या.
बारावी परागची. तो म्हणाला, आत्ता नको, काकू,
मार्चपर्यंत बुकिंग फुल आहे.

आणि श्रावणात एका रात्री
विश्वामित्री आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली.
आधी स्कूटर बुडाल्या, मग माझा उंबरा.
मी रजिस्टर पदराखाली घेतलं (दुसरं काही सुचलंच नाही)
आणि अंधारात वर चढत गेले.
चौथ्या दारापर्यंत कुणी उघडलं नाही,
नाहीतर मीच वाजवलं नसेल.
तीनशे दोनमध्ये मेणबत्ती दिसत होती.

दार एका मुलीने उघडलं. भुसावळची पूर्वा इंगळे,
दोन रात्रींसाठी, आजीचा डोळा दाखवायला आलेली.
मला वरपासून खालपर्यंत पाहून तिने विचारलं,
"कोणाकडे?"

चोवीस वर्षं मी इथे राहते.
मला उत्तर आलं नाही.

दोनाच्या चार रात्री झाल्या. तळमजल्यावरचे आम्ही सगळे
त्या भाड्याच्या चादरींवर झोपलो.
इंगळेबाईंनी परागच्या पाहुण्यांसाठीच्या टोस्टरशेजारी
एकाच पातेल्यात नऊ जणांची खिचडी लावली.
आजी एका डोळ्याने पत्ते खेळली आणि जिंकली.
पूर्वा दर तासाला टॉर्च घेऊन खाली जायची,
पाणी जिथे टेकलंय तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ,
रेघेशेजारी वेळ: सहा. सव्वाआठ. साडेनऊ, थांबलं वाटतं.
मग एक खाली, पहाटे चार. त्यापुढे नुसतं, उतरतंय.

निघताना तिच्या वडिलांनी बॅगांचे पैसे पुढे केले.
चार रात्री, तीन बॅगा.
मी पावती फाडली नाही. पैसेही घेतले नाहीत.
हिशेबात बाराशेची तूट आहे, कुणी विचारलं तर माझ्या नावावर.

आता भेगा बुजल्यात, गंजलेल्या सळ्या घासून झाल्यात.
लिफ्टवाला सोमवारी येतो म्हणतो, कुठला सोमवार ते सांगत नाही.
रंगारी जिन्यात पट्टी घेऊन उभा.
बेन, आ पेन्सिलचं काय करू? पुट्टी मारू?

मी रजिस्टर उघडते, तेवढाच वेळ मिळतो.
पराग शिर्के, मालक, एकोणीस वर्षांत अकरा रात्री.
पूर्वा इंगळे, कोणाकडे हा रकाना कोरा.

बाकी सगळं मार, मी सांगते,
तिसऱ्या पायरीपासून आठवीपर्यंत राहू दे,
पुढच्या मीटिंगमध्ये विषय आहे.
तो खांदे उडवतो, बादली एक पायरी वर सरकवतो.
वर कुणीतरी चुकीचे आकडे फिरवत बसलंय.